न थांबलेली वाढ

२७ जून १९४० रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एका तरुणाची उंची मोजली. ती भरली ८ फूट ११.१ इंच, म्हणजे २७२ सेंटिमीटर. आपल्या घराचा दरवाजा साधारण सात फुटांचा असतो. हा तरुण त्या दारात उभा राहिला असता, तर वरची चौकट त्याच्या खांद्यांच्याही खाली आली असती. त्याचे वय होते २२ वर्षे आणि त्याची उंची अजूनही वाढतच होती. या मोजणीनंतर अठरा दिवसांनी तो मरण पावला. निमित्त झाले ते घोट्यावर आलेल्या एका फोडाचे.

त्याचे नाव रॉबर्ट वॉडलो. ज्याच्या उंचीची विश्वासार्ह नोंद आहे, असा जगातील आजवरचा सर्वांत उंच माणूस. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत त्याचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. आज त्याची आठवण काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. सर्मोरेलिन, इपामोरेलिन, सीजेसी-१२९५ अशी नावे हल्ली व्यायामशाळांतल्या गप्पांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत दिसू लागली आहेत. ही पेप्टाइडे घेतली की शरीर स्वतःच जास्त ग्रोथ हॉर्मोन तयार करते, स्नायू वाढतात, चरबी घटते, वय मागे जाते, असा प्रचार असतो. त्यातला सर्वांत गोड मुद्दा असा, की हॉर्मोन बाहेरून टोचायचे नाही. ते आपल्याच शरीराचे असते, म्हणून नैसर्गिक आणि म्हणूनच निर्धोक.

रॉबर्टला कोणी कधीही ग्रोथ हॉर्मोन टोचले नव्हते. त्याच्या अंगात जे होते ते सगळे त्याच्याच शरीराने तयार केलेले होते.

रॉबर्टचा जन्म २२ फेब्रुवारी १९१८ रोजी इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या ऑल्टन या गावी झाला. हॅरल्ड आणि अ‍ॅडी वॉडलो यांच्या पाच मुलांमधला तो थोरला. जन्मताना त्याचे वजन चार किलोहून थोडे कमीच होते. त्यात वेगळे वाटावे असे काही नव्हते. पण सहा महिन्यांत ते १३ किलोंच्या पुढे गेले. दोन वर्षांचा असताना त्याच्यावर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे कित्येक वर्षे त्या शस्त्रक्रियेमुळेच तो असा वाढला, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात वाढ त्याआधीच सुरू झाली होती. पाचव्या वर्षी तो ५ फूट ४ इंच उंच होता. आठव्या वर्षी सहा फूट. नवव्या वर्षी तो आपल्या वडिलांना उचलून घरातला जिना चढू शकत असे. त्याच्या पाठीवरची चारही भावंडे सर्वसाधारण उंचीची निघाली.

या वाढीमागे होती मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी. तिचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम असते. शरीरातील बऱ्याच ग्रंथी तिच्या हुकमावर चालतात आणि वाढीचे हॉर्मोन, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन, तीच तयार करते. हे हॉर्मोन रक्तात गेल्यावर मुख्यतः यकृताकडून आयजीएफ-१ नावाचा दुसरा पदार्थ तयार करवून घेते. दोघे मिळून लांब हाडांच्या टोकाशी असलेल्या कुर्चेच्या पट्ट्यांना, म्हणजे वाढपट्ट्यांना, वाढते ठेवतात. निरोगी माणसात ग्रोथ हॉर्मोन सतत पाझरत नाही. ते दिवसभरात काही वेळा उसळी मारते आणि मधल्या काळात जवळजवळ थांबते. सर्वांत मोठी उसळी रात्री गाढ झोपेत येते. रॉबर्टच्या पिट्युटरीतील पेशींची संख्या प्रमाणाबाहेर वाढली होती आणि त्या हॉर्मोन सोडतच राहिल्या.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. रॉबर्ट तीन वर्षांचा असताना, १९२१ मध्ये, कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गाईगुरांच्या पिट्युटरीचा अर्क उंदरांना टोचून ते अवाढव्य वाढतात, हे दाखवून दिले. म्हणजे या ग्रंथीत वाढवणारे काहीतरी आहे, एवढेच कळले होते. ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढता येत नव्हते, रक्तात किती आहे ते मोजता येत नव्हते आणि थांबवण्याचे औषध तर नव्हतेच. पिट्युटरीवर शस्त्रक्रिया होत असे. पण ती फार जोखमीची होती. सेंट लुईसच्या बार्न्स रुग्णालयात रॉबर्टची तपासणी झाली, रोगाचे कारण आई-वडिलांना समजले. पण शस्त्रक्रियेचा धोका त्यांनी पत्करला नाही. त्या वेळच्या परिस्थितीत त्यांना दोष देता येत नाही.

मग त्यांनी मुलाचे बालपण होईल तितके साधे ठेवायचे ठरवले. शाळेत त्याच्यासाठी वेगळे बाक करून घेतले. वडिलांनी मोटारीतले पुढचे एक आसन काढून टाकले, म्हणजे मागे बसलेल्या रॉबर्टला पाय पसरता येत. त्याला टपाल तिकिटे जमवायचा आणि फोटो काढायचा नाद होता. तो बालवीर पथकात गेला. तेराव्या वर्षी सात फुटांवर गेलेला तो जगातला सर्वांत उंच बालवीर ठरला. ओळखीचे लोक त्याला शांत आणि मृदू स्वभावाचा मुलगा म्हणून ओळखत.

सर्वसाधारण मुलांची उंची वयात आल्यानंतर काही वर्षांनी थांबते. त्या काळात वाढणारी लैंगिक हॉर्मोने वाढपट्ट्यांचे हाडात रूपांतर करतात; पट्ट्या बंद झाल्या की उंची वाढण्याचा मार्गच उरत नाही. रॉबर्टच्या पट्ट्या बंद झाल्याच नाहीत. सतराव्या वर्षी तो आठ फुटांवर गेला, अठराव्या वर्षी ८ फूट ३ इंचांच्या पुढे. पिट्युटरी बिघडली की बहुधा तिचे एकच काम बिघडत नाही. वाढीचा हुकूम देणारी बाजू जोरात चालू आणि वयात आणणारी बाजू मंद, अशी स्थिती या आजारात आढळते.

उंची दीडपट झाली की शरीराचे गणितही बदलते. सहा फुटांच्या माणसाशी तुलना केली, तर रॉबर्टची उंची साधारण दीडपट होती. अंगलट तशीच ठेवून माणूस दीडपट उंच झाला, तर त्याच्या हाडांची जाडी पेलण्याच्या दृष्टीने सव्वादोन पट होते. पण वजन मात्र तिपटीहून अधिक होते. म्हणजे प्रत्येक हाडावर, प्रत्येक सांध्यावर जास्तीचा भार. रॉबर्टचे वजन एकविसाव्या वाढदिवशी सुमारे २२३ किलो होते. चालण्यासाठी त्याला पायांना धातूच्या पट्ट्या बांधाव्या लागत आणि हातात काठी घ्यावी लागे. पावलांची संवेदना तर जवळजवळ गेली होती. मोज्याला सुरकुती पडली किंवा बुटात खडा गेला, तरी त्याला कळत नसे. पावलांतली वेदना शरीराला सावध करते; तो पहारेकरीच त्याच्याकडे उरला नव्हता.

१९३६ मध्ये शाळा संपली. वकील व्हायचे त्याच्या मनात होते, म्हणून गावातल्याच शर्टलेफ महाविद्यालयात त्याने नाव घातले. पण साधे पेन त्याच्या बोटांत बसेना. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत त्याचा हात ३२ सेंटिमीटर लांब होता. टिपणे घेणे जमेना. इमारतींचे जिने, हिवाळ्यात बर्फाने निसरडे झालेले रस्ते, सगळेच त्याच्या पायांना धोक्याचे. एक पडणेसुद्धा महागात गेले असते. शिक्षण अर्धवट राहिले.

त्याच्या बुटांची लांबी ४७ सेंटिमीटर होती आणि त्या काळी एका जोडाला सुमारे शंभर डॉलर पडत. मध्यमवर्गीय घराला तो मोठा खर्च होता. एका बूट कंपनीने त्याला फुकट बूट द्यायचे आणि त्याने कंपनीच्या दुकानांना भेटी द्यायच्या, असे ठरले. १९३७ मध्ये काही काळ तो रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीतही गेला. पण आपल्या अटींवर. विचित्र माणसांच्या तंबूत उभे राहायचे नाही, उंची आणखी भासावी म्हणून लांब टोपी आणि झुलता कोट घालायचा नाही. रोजच्या कपड्यांत मधल्या रिंगणात काही मिनिटे यायचे आणि परत जायचे, एवढेच त्याने मान्य केले.

त्याच्या मनाला लागलेली गोष्ट वैद्यकीय जगातून आली. एका डॉक्टरने त्याला घरी येऊन थोडा वेळ पाहिले आणि १९३७ मध्ये अमेरिकेतील सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात त्याच्यावर लेख लिहिला. त्यात रॉबर्टचे वर्णन मंद, चिडखोर, तिरसट असे केले होते. नाव दिले नसले तरी एवढ्या उंचीचा माणूस जगात एकच होता. कुटुंबाने न्यायालयात दाद मागितली. न्याय त्यांच्या बाजूने लागला नाही. आजारी माणूस हा आधी माणूस असतो, हे त्या लेखाच्या लेखकाला उमगले नव्हते, असेच म्हणावे लागेल.

वडिलांनी नोकरी सोडली आणि ते मुलाबरोबर फिरू लागले. अमेरिकेची ४१ राज्ये, ८०० हून अधिक गावे, एकूण सुमारे तीन लाख मैलांचा प्रवास. अशाच एका दौऱ्यात ४ जुलै १९४० रोजी ते मिशिगन राज्यातील मॅनिस्टी गावी होते. पायाला नव्याने बसवलेली पट्टी नीट बसत नव्हती. घोट्यावर ती घासत राहिली, फोड आला, तो फुटून जंतुसंसर्ग झाला. संवेदनाच नसल्याने हे उशिरा लक्षात आले. डॉक्टरांनी रक्त दिले, शस्त्रक्रिया केली, ताप उतरेना. पेनिसिलिन अजून रुग्णांपर्यंत पोहोचले नव्हते. १५ जुलैच्या पहाटे झोपेतच तो गेला.

ऑल्टनमध्ये अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. सव्वातीन मीटरहून लांब शवपेटी उचलायला बारा जण आणि त्यांच्या मदतीला आणखी आठ जण लागले. कबरीवर काँक्रीटचे भक्कम आवरण घातले गेले. त्याचे कारण इतिहासात आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये चार्ल्स बर्न नावाच्या आयरिश महाकाय पुरुषाने आपला देह समुद्रात बुडवावा, अशी इच्छा व्यक्त केली होती. तरीही शल्यविशारद जॉन हंटरने तो पैसे चारून मिळवला आणि सांगाडा संग्रहालयात लावला. रॉबर्टच्या बाबतीत तसे होऊ नये, याची काळजी घेतली गेली. त्याचे कपडे आणि वस्तूही घरच्यांनी बहुतेक नष्ट केल्या, कारण त्यांचे प्रदर्शन त्यांना नको होते.

रॉबर्टच्या मृत्यूनंतर विज्ञान पुढे गेले. मानवी ग्रोथ हॉर्मोन १९५६ मध्ये वेगळे काढता आले. ज्या मुलांत ते तयारच होत नाही, अशा ठेंगण्या राहणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होऊ लागला. पण ते मृत माणसांच्या पिट्युटरीतून काढावे लागे आणि त्याबरोबर काही मुलांच्या शरीरात क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा असाध्य रोगही गेला. जगभरात २०० हून अधिक जण त्याने दगावले. १९८५ मध्ये अमेरिकेत तो प्रकार बंद झाला आणि जिवाणूंकडून बनवून घेतलेले शुद्ध हॉर्मोन आले. ज्या औषधाने खरोखर मुलांचे भले होत होते, त्याचाही धोका अनेक वर्षांनी उघड झाला, हे विसरू नये.

पिट्युटरीला हुकूम कोण देते, हे कोडेही सुटले. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग दोन पेप्टाइडे पाठवतो. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. एक पेप्टाइड ग्रोथ हॉर्मोन सोडायला सांगते, दुसरे थांबवते. थांबवणारे, सोमॅटोस्टॅटिन, १९७३ मध्ये सापडले. सोडणारे मात्र हाती लागेना. अखेर १९८२ मध्ये ते सापडले, तेही अनपेक्षित जागी: हातपाय आणि जबडा वाढत चाललेल्या रुग्णांच्या स्वादुपिंडातील गाठींत. ती गाठ हे पेप्टाइड अखंड तयार करत होती आणि त्या माऱ्याखाली पिट्युटरीच्या पेशी वाढत गेल्या होत्या. सतत चिथावले, तर ही ग्रंथी कशी वागते, याचा तो धडा होता. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना जठरात घ्रेलिन सापडले. ते भूकही लावते आणि ग्रोथ हॉर्मोनही सोडायला लावते.

आज विकली जाणारी पेप्टाइडे या दोन मूळ पदार्थांच्या नकला आहेत. सर्मोरेलिन आणि सीजेसी-१२९५ ही सोडणाऱ्या पेप्टाइडची, तर इपामोरेलिन आणि जीएचआरपी-६ ही घ्रेलिनच्या वाटेने जाणारी. एमके-६७७ पेप्टाइड नाही, पण काम तेच करते आणि गोळीने घेता येते. यांतली काही खरी औषधे झाली. सर्मोरेलिन एके काळी अमेरिकेत मुलांसाठी मान्य होते. टेसामोरेलिनला २०१० मध्ये एचआयव्हीच्या रुग्णांत पोटाच्या आत साठणाऱ्या चरबीसाठी मान्यता मिळाली. पण कर्करोग असलेल्यांना ते देत नाहीत, कारण वाढीचा हुकूम गाठीच्या पेशींनाही लागू पडू शकतो. इपामोरेलिनची चाचणी शस्त्रक्रियेनंतर मंदावलेल्या आतड्यांसाठी झाली, उपयोग दिसला नाही. इपामोरेलिन काय किंवा सीजेसी-१२९५ काय, औषध म्हणून मान्यतेपर्यंत दोन्ही पोहोचली नाहीत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही पेप्टाइडे घेऊन कोणी रॉबर्ट वॉडलो होणार नाही. प्रौढांच्या वाढपट्ट्या बंद झालेल्या असतात. म्हणूनच विशीनंतर उंची वाढवण्याचा दावा करणारे कोणतेही इंजेक्शन किंवा पावडर निव्वळ फसवणूक असते. शिवाय शरीराचा लगाम, म्हणजे सोमॅटोस्टॅटिन, जागेवर असतो आणि बऱ्याच अंशी काम करतो. पण पट्ट्या बंद झाल्यावरही ग्रोथ हॉर्मोन जास्त झाले, तर ते कुठेतरी परिणाम करतेच. पिट्युटरीच्या गाठीमुळे प्रौढांना होणाऱ्या अ‍ॅक्रोमेगाली या आजारात हातपाय रुंद होतात, हृदय जाड होते, साखर आणि रक्तदाब वाढतो, झोपेत श्वास अडखळतो. तो इतक्या हळूहळू येतो की निदानाला अनेकदा काही वर्षे जातात.

पेप्टाइडांच्या माऱ्याने निरोगी माणसात दहा-वीस वर्षांनी काय होते, याचा अभ्यास झालेला नाही. झालेल्या थोड्या चाचण्या सावध करतात. एमके-६७७ दोन वर्षे निरोगी ज्येष्ठांना देऊन पाहिले. पहिल्या वर्षी चरबीविरहित वजन सरासरी १.१ किलो वाढले. ताकद मात्र वाढली नाही आणि साखर हाताळण्याची शरीराची क्षमता घटली. मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांवरची दुसरी चाचणी हृदय निकामी होण्याच्या तक्रारी दिसल्याने आधीच थांबवावी लागली. अंगावर सूज, सांधेदुखी, हातांना मुंग्या, प्रचंड भूक या तक्रारी तर नेहमीच्या. मधुमेहाची प्रवृत्ती घराघरांत असलेल्या आपल्या समाजाने साखरेचा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

शिवाय बाटलीत काय आहे, हा प्रश्न उरतोच. अशा अनेक कुप्यांवर फक्त संशोधनासाठी असे छापलेले असते. त्याचा सरळ अर्थ, माणसाला टोचण्याजोगी शुद्धता आणि मात्रा यांची हमी कोणी घेतलेली नाही. खेळाडूंनी तर याच्या वाटेलाच जाऊ नये. हा सगळा वर्ग जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. यातले काही घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका; साखर आणि आयजीएफ-१ तपासून घ्या. मुलाची उंची वर्षभर वाढली नाही, किंवा उलट वर्गातल्या सगळ्यांना मागे टाकून भराभर वाढू लागली, तर जाहिरात न पाहता हॉर्मोनतज्ज्ञांना दाखवा. दोन्ही बाबतीत आज उपाय आहेत.

रॉबर्ट आज जन्मला असता, तर रक्ताच्या एका तपासणीने आणि मेंदूच्या एमआरआयने त्याचे निदान झाले असते. नाकावाटे शस्त्रक्रिया करता आली असती. सोमॅटोस्टॅटिनसारखे काम करणारे इंजेक्शन देता आले असते, म्हणजे त्याच्या शरीरात कमी पडलेला लगाम बाहेरून लावता आला असता. ऑल्टनमध्ये १९८५ साली त्याचा पूर्ण उंचीचा पुतळा उभारला गेला. लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. आपले डोके त्याच्या कोपराशी येते, याचे हसू येते. त्या हातांनी कधी नीट पेन धरता आले नाही आणि त्या पायांना बुटातला खडा कळला नाही, हे फोटोत येत नाही. ज्यांच्या पिट्युटरीला औषधाची गरज नाही, त्यांच्यात ती रोज रात्री, झोपेत, हवे तेवढे हॉर्मोन सोडते आणि वेळेवर थांबते. तिचे हे थांबणे किती मोलाचे असते, हे रॉबर्टच्या आयुष्याइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते.